एक्स-रे मशीनची एचटी केबल बदलण्याचं काम: दर सांगण्याआधी आतलं समजून घ्या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण तालुक्याच्या ठिकाणी हॉस्पिटलच्या मशीनच्या सर्व्हिसिंगचा धंदा कसा उभा करायचा ते पाहिलं. त्यातलं एक काम मी मुद्दाम इथे लिहायला ठेवलं होतं. व्हिडिओच्या आठ-दहा मिनिटांत ते बसत नाही, आणि अर्धवट सांगावं असं ते कामच नाही. एक्स-रे मशीनची एचटी केबल बदलणं, हे ते काम.

एचटी म्हणजे हाय टेन्शन. जनरेटरच्या टाकीतून ट्यूबकडे जाणाऱ्या, जाड दोन काळ्या किंवा करड्या केबल तुम्ही पाहिल्या असतील. यातली एक खराब झाली की एक्सपोजर घेताना 'फट्' असा आवाज येतो, मशीन एरर दाखवून थांबतं आणि हॉस्पिटलचे पेशंट दुसऱ्या सेंटरला जायला लागतात. म्हणून गिऱ्हाईक घाईत असतं आणि घासाघीस कमी करतं. नव्या माणसाला हे काम सोपंही दिसतं. दोन्ही टोकांचे नट सोडा, जुनी ओढा, नवी घाला. 'अर्ध्या तासाचं काम आहे, साहेब' असं म्हणून तो साडेतीन हजारांत होकार देतो.

मी स्वतः बीबीए, इंजिनिअर नाही. माझं सुट्या भागांचं दुकान आहे आणि टाकी उघडणारी माणसं शिकलेली, वेगळी आहेत. पण कोटेशन माझ्या सहीनं जातं. त्यामुळे त्या अर्ध्या तासात नेमकं काय बसत नाही, हे मला शिकावंच लागलं. तुम्हीही उद्या एखादा मुलगा कामावर पाठवणार असाल तर हे तुमचंही काम आहे.

भीती असते रेडिएशनची, मारते वीज

एक्स-रे म्हटलं की घरचे विचारतात, 'अरे, ते किरण लागणार नाहीत ना?' वीज बंद असलेल्या एक्स-रे मशीनमधून किरण येत नाहीत. ट्यूबमध्ये किरणोत्सारी पदार्थ नसतो. हजारो व्होल्ट मिळाले तरच ती किरण तयार करते. त्यामुळे बंद मशीन उघडताना शिशाचा एप्रन घालून काही साधत नाही. एप्रन घातला म्हणजे सुरक्षित झालो असं वाटतं, हेच त्यातलं वाईट. किरणांची काळजी सगळ्यात शेवटी, काम झाल्यावर मशीन सुरू करताना घ्यायची. ते पुढे येईलच.

विजेचं उलट आहे. मशीन बंद केलं तरी वीज आत बसून राहते.

स्विच बंद केल्यावर काय उरतं?

आजच्या हाय फ्रिक्वेन्सी जनरेटरमध्ये थ्री फेज ४१५ व्होल्ट आधी डीसी केले जातात. ४१५ चे डीसी होताना ते साधारण ५८० व्होल्ट होतात. हे व्होल्ट मोठ्या कंडेन्सरच्या रांगेत साठवले जातात, कारण एक्सपोजरच्या क्षणाला मशीनला एकदम खूप शक्ती लागते आणि ती लाइनवरून तशी मिळत नाही. समजा, ही रांग एकूण ६००० मायक्रोफॅरडची आहे. साठलेल्या ऊर्जेचं सूत्र शाळेतलंच: क्षमता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले दोन. हिशेब करा, साधारण १००० ज्यूल येतात.

१००० ज्यूल म्हणजे किती? आयसीयूमध्ये हृदयाला शॉक द्यायचं डिफिब्रिलेटर असतं ना, त्याचा सगळ्यात मोठा शॉक सहसा ३६० ज्यूलचा असतो. म्हणजे मेन स्विच पाडलेल्या, दिवा विझलेल्या, 'बंद' मशीनमध्ये अशा जवळजवळ तीन शॉकचा माल शिल्लक असतो. डिफिब्रिलेटर चालवणारा डॉक्टर सगळ्यांना बाजूला सरकवतो. इथे सांगणारं कुणी नसतं.

हा साठा उतरावा म्हणून कंडेन्सरवर एक रेझिस्टर कायम जोडलेला असतो. त्याला ब्लीडर म्हणतात. वरच्या उदाहरणात तो १० किलोओहमचा धरा. ६००० मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम यांचा गुणाकार ६० सेकंद येतो. दर ६० सेकंदांनी व्होल्टेज आधीच्या ३७ टक्क्यांवर येतं. एका मिनिटानंतर २१३ व्होल्ट उरतात, म्हणजे अजून जीव घेण्याइतके. पाच मिनिटांनी चार व्होल्टच्या आसपास. 'पॅनल उघडण्यापूर्वी पाच मिनिटं थांबा' असा स्टिकर मशीनवर दिसतो तो यामुळे. तुमच्या मशीनवर दहा मिनिटं लिहिली असतील तर दहा.

पण खरी गोम पुढे आहे. हा हिशेब ब्लीडर धड असेल तरच चालतो. तो वर्षानुवर्षं गरम होत असतो, एखाद्या दिवशी जळून उघडा पडतो आणि बाहेरून काहीच कळत नाही, कारण मशीन तर चालूच राहतं. अशा मशीनमध्ये पाच मिनिटं थांबा नाहीतर पाच तास, चार्ज आतच असू शकतो. आणि तुम्हाला बोलावलंय ते बिघडलेल्या मशीनसाठी, हे विसरू नका. म्हणून थांबायचं आणि मोजायचंही. नुसतं थांबलेल्या माणसाला त्या कंडेन्सरबद्दल काहीही माहीत नसतं.

एचटीच्या बाजूचं वेगळं आहे. १५० किलोव्होल्टच्या मशीनमध्ये एका केबलवर अधिक ७५ आणि दुसरीवर उणे ७५ किलोव्होल्ट येतात. केबल म्हणजे मध्ये तार, बाहेर जाळी आणि मध्ये इन्सुलेशन, म्हणजे आपोआप लांबलचक कंडेन्सरच झाला. मीटरला १५० पिकोफॅरड धरले तर १० मीटर केबलमध्ये ७५ किलोव्होल्टला चार ज्यूलच्या आसपास साठतात. चार ज्यूलनं माणूस सहसा मरत नाही, पण दचकून शिडीवरून पडतो. ट्यूब छताला लटकलेली असते आणि माणूस शिडीवर असतो. हा चार्ज सहसा टाकीतल्या मोजणीच्या रेझिस्टरमधून उतरतो. तो रेझिस्टर धड आहे की नाही, हेसुद्धा बाहेरून दिसत नाही.

काही मशीन नव्या माणसानं सरळ नाकारावीत असं माझं मत आहे. जुनी, चाकांवरची कंडेन्सर डिस्चार्ज प्रकारची मशीन त्यातली पहिली. त्यात १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १०० किलोव्होल्टपर्यंत चार्ज होतो. वरचंच सूत्र लावा, ५००० ज्यूल येतात. बॅटरीवर चालणारं मोबाइल मशीन दुसरं. त्याचा प्लग काढला तरी बॅटरीची रांग आत जिवंतच असते. सीटी स्कॅनमध्ये जनरेटर आणि ट्यूब दोन्ही फिरणाऱ्या भागावर असतात. एमआरआयमध्ये तर वीज गेली तरी चुंबक चालूच राहतं, त्या खोलीत साधा पान्हासुद्धा नेता येत नाही. ही कामं कंपनीचं ट्रेनिंग घेतलेल्यांची आहेत.

मेन बंद केला म्हणजे नेमकं काय केलं?

एमसीबी खाली पाडला म्हणजे काम झालं, असं घरच्या वायरिंगमध्ये चालतं. (तिथेही चालू नये.) हॉस्पिटलमध्ये तुम्ही आत मशीनमध्ये हात घातलेला असतो आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये पॅनल असतं. एखादा वॉर्डबॉय येतो, एक स्विच पडलेला दिसतो, तो भल्या मनानं वर करतो. त्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून मशीनच्या आयसोलेटरला कुलूप लावायचं, आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवायची. सुपरवायझरच्या नाही, रिसेप्शनवरही नाही. कुलपाला पाटी लावायची: 'काम चालू आहे, स्विच लावू नये', खाली नाव आणि मोबाइल नंबर. पाटी मराठीतच हवी. इंग्रजीतला छापील टॅग दिसायला छान असतो, पण तो ज्याच्यासाठी आहे त्यानं वाचला पाहिजे ना. मशीनला यूपीएस किंवा स्टॅबिलायझर असेल तर तोही बंद. यूपीएस मेनशिवायही वीज देतो, त्याचं कामच ते आहे.

मग वर सांगितल्याप्रमाणे थांबायचं. इथे डॉक्टर येतात आणि म्हणतात, 'अहो, बाहेर पेशंट बसलेत, उरका ना लवकर.' तुमच्या मुलाला उत्तर आधीच शिकवून ठेवा: 'सर, आतला कंडेन्सर उतरायला वेळ लागतो. मीटरवर शून्य दिसल्याशिवाय मी हात घालणार नाही.' बहुतेक डॉक्टर हे ऐकून उलट निर्धास्त होतात. त्यांना शॉकचं गणित तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

मोजायचं कसं? आधी मीटर एखाद्या चालू सॉकेटवर लावून बघायचा: दाखवतोय. मग डीसी रेंजवर कंडेन्सरच्या टोकांना लावायचा. मग पुन्हा चालू सॉकेटवर: अजूनही दाखवतोय. मधल्या वेळात मीटरचा फ्यूज गेला असेल किंवा वायर तुटली असेल, तर तो मेलेला मीटरसुद्धा शून्यच दाखवतो. ही तीन टप्प्यांची सवय लावायला पैसे पडत नाहीत. मीटर मात्र कॅट थ्री, १००० व्होल्टचा घ्या. रस्त्यावरचा दोनशे रुपयांचा पिवळा मीटर घराच्या बोर्डापुरता ठीक.

मीटरवर व्होल्ट दिसलेच, तर स्क्रू-ड्रायव्हरनं टोकं जोडून 'ठिणगी पाडायची' पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते. १००० ज्यूल एका क्षणात सोडले तर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक वितळून उडतं, डोळ्यात जातं, कंडेन्सर फुटू शकतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या रेझिस्टरमधून, इन्सुलेटेड प्रोब लावून हळू उतरवायचा. उतरल्यावर टोकं तारेनं जोडूनच ठेवायची, कारण मोठा कंडेन्सर पूर्ण रिकामा केल्यावरही काही वेळानं आपोआप थोडं व्होल्टेज परत धरतो. विश्वास बसत नसेल तर एखाद्या जाणकारासमोर बघा, मीटरचा आकडा डोळ्यांदेखत चढतो.

एचटीच्या बाजूला मल्टिमीटर कधीच लावायचा नाही. तो किलोव्होल्टसाठी बनलेलाच नाही. तिथे अर्थिंग रॉड: लांब इन्सुलेटेड दांडा, पुढे आकडा, मागे अर्थची वायर. आधी वायरचा क्लॅम्प अर्थला घट्ट, त्यानंतरच आकडा पुढे. क्रम उलटा झाला तर चार्ज उतरायची वाट तुम्ही स्वतः होता. आणि रबरी हातमोज्यांवर भरवसा नको. ७५ किलोव्होल्टला पुरतील असे हातमोजे मिळत नाहीत. इथे चार्ज काढून टाकणं हेच संरक्षण.

अंगठी, कडं, धातूचं घड्याळ आधीच उतरवलेलं. आणि माणसं दोन, कायम. दुसऱ्याला मशीन कळलं नाही तरी चालेल. मेन कुठे आहे, पडलेल्या माणसाला हात लावण्याआधी वीज तोडायची आणि छाती दाबून सीपीआर कसा द्यायचा, हे त्याला आलं पाहिजे.

केबल काढताना, घालताना

आता नट सोडा. जुनी केबल ट्यूबमधून बाहेर काढल्या काढल्या तिच्या टोकाच्या पिना अर्थ केलेल्या आकड्याला टेकवायच्या. दोन्ही केबलची टोकं बघायला सारखीच असतात. एक अॅनोडची, एक कॅथोडची, आणि कॅथोडच्या केबलमधून फिलामेंटचा करंटही जातो. अदलाबदल झाली तर मशीन चालणार नाही. काढण्याआधी लाल-निळी टेप लावा, मोबाइलवर फोटो काढा.

नवी घालण्याआधी ट्यूबमधला खड्डा आणि केबलचं टोक धागे न सुटणाऱ्या कापडानं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, पूर्ण सुकू द्यायचं. मग एचटीसाठीचं सिलिकॉन ग्रीस, ताजं. हे ग्रीस वंगण नाही, ते हवा हाकलण्यासाठी असतं. टोक आणि खड्डा यांच्यात हवेचा एक बुडबुडा राहिला, तरी तिथे हवा फुटते, बारीक ठिणग्या सुरू होतात, रबरावर काळी रेघ उमटते आणि त्या रेघेवरून एक दिवस पूर्ण व्होल्टेज बॉडीवर उडी मारतं. जुनं ग्रीस न पुसता वरून नवं लावलेलं काम मग परत येतं, तेही तुमच्याच नावानं. पिनांची खाच जुळवून टोक सरळ दाबायचं, वॉशर नवा टाकायचा, नट घट्ट करायचा आणि त्याचा छोटा लॉक स्क्रूही. केबलची बाहेरची जाळी या नटातूनच अर्थ होते. नट सैल म्हणजे ज्या केबलला टेक्निशियन रोज हात लावतो तिचा बाहेरचा भाग अर्थशिवाय.

आणि एक गोष्ट बहुतेक जण सोडतात: जुनी केबल खराब का झाली? स्टँड फिरताना ती एकाच जागी काटकोनात दुमडत असेल, आधाराचा पट्टा तुटला असेल, तर नवी केबलही त्याच जागी जाणार. पट्टा बदलायला दहा मिनिटं लागतात.

पहिलं एक्सपोजर

एप्रनचा विचार करायची वेळ आता आली. खोलीत कुणी नाही, दार बंद, कोलिमेटर बंद, आपण शिशाच्या पडद्यामागे, छातीवर टीएलडी बॅज. एकदम १०० केव्ही मारायचे नाहीत. उत्पादकाच्या वॉर्म-अप तक्त्याप्रमाणे कमी केव्ही, कमी एमएपासून पायरीपायरीनं वर जायचं आणि प्रत्येक पायरीला आवाज ऐकायचा. या कामाला बराच वेळ जातो आणि दर ठरवताना तो कुणीच धरत नाही.

परवानगीचं काय?

भारतात एक्स-रे मशीनवर देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची असते. ही संस्था १९८३ पासून आहे, मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला. अणुऊर्जा (किरणोत्सर्ग संरक्षण) नियम २००४ चे. हॉस्पिटलला मशीन चालवायला परवानगी लागते, आणि सर्व्हिस करणाऱ्या एजन्सीलाही. अर्ज ई-लोरा या पोर्टलवर होतात. किरणांवर परिणाम होईल अशा दुरुस्तीनंतर मशीनची गुणवत्ता चाचणी परत करावी लागते. ती अधिकृत एजन्सीकडून होते आणि तिचं बिल वेगळं असतं. कोटेशनमध्ये हे आधीच लिहा, नंतर सांगितलं की भांडण.

तुमच्याकडे परवानगी नसेल तर? आधी अधिकृत एजन्सीच्या हाताखाली काम घ्या. तालुक्यातली त्यांची माणसं तुम्ही व्हा. मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला मुलगा जोडीला घ्या. तोवर ऑटोक्लेव्ह, सक्शन मशीन, ओटी लाइट, अर्थिंगची तपासणी ही कामं भरपूर आहेत आणि हॉस्पिटलची ओळख त्यातूनच होते.

आता दर काढू

केबलची किंमत सोडून फक्त कामाचा हिशेब करतोय. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे घाला. दोन माणसं, प्रवास धरून पूर्ण दिवस, प्रत्येकी २००० प्रमाणे ४००० रुपये. गाडीखर्च १८००. ग्रीस, अल्कोहोल, कापड, वॉशर ९००. मीटर, रॉड, कुलुपांची झीज ५००. कामगार विमा आणि दायित्व विम्याचा या कामावर पडणारा वाटा ४००. झाले ७६००. त्यावर २५ टक्के नफा, म्हणजे १९०० रुपये. एकूण ९५००, वर १८ टक्के जीएसटी.

आणि शेजारच्या गावातला माणूस साडेतीन हजार म्हणतोय. त्यानं काय कापलं ते वरच्या यादीवर बोट ठेवून बघा. गाडीखर्च कापता येत नाही. मग दुसरा माणूस गेला, विमा गेला, ताजं ग्रीस गेलं, वाट पाहण्याची मिनिटं गेली. तेवढ्यात धंदा करायचा असेल तर तुमचा मुलगाही तेच कापणार, तुम्ही सांगा किंवा सांगू नका. त्याला संध्याकाळपर्यंत दुसरं काम गाठायचं असतं.

त्यामुळे कोटेशनमध्ये एक आकडा लिहून मोकळं होऊ नका. 'दोन तंत्रज्ञ, मेन लॉक, चार्ज मोजून नोंद, नवीन ग्रीस व वॉशर, वॉर्म-अप' अशा ओळी लिहा आणि काम झाल्यावर याच ओळींसमोर मोजलेले आकडे, वेळ आणि सही असलेला कागद हॉस्पिटलला द्या. एक प्रत फाइलला. तपासणी आली तर मॅडम तो कागद शोधतात, आणि पुढच्या वेळी फोन त्या कागदावरच्या नंबरला जातो. तरीही ज्यांना साडेतीन हजारांतच हवंय, त्यांना हात जोडून नाही म्हणा. ते गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या.

जुनी केबल नेताना तांब्याचा भाव म्हणून भंगारात टाकण्याआधी तिचं टोक कापा, नाहीतर तीच केबल घासूनपुसून 'रिकंडिशन्ड' म्हणून कुणाला तरी विकली जाते. ट्यूब बदलली असेल तर ती फोडायची नाही. आत निर्वात काच आणि तेल असतं, मॅमोग्राफीच्या ट्यूबच्या खिडकीला बेरिलियम असतं आणि त्याची धूळ विषारी आहे. ती उत्पादकाला किंवा पुरवठादाराला परत करायची, आणि परत केल्याची पावती हॉस्पिटलच्या फाइलला लावायची.

पुढच्या भागात याच हॉस्पिटलशी वर्षाचा मेंटेनन्स करार कसा लिहायचा, ते नमुन्यासकट देतो.